खाडीच्या थेंबातले साक्षीदार

वेंगुर्ले, प्रतिनिधी - ओहोटी लागली की वेंगुर्ले बंदराच्या पुळणीवर माणसांची पावले उमटतात आणि पुढची भरती येईपर्यंतच ती टिकतात. तळाची ओहोटी ते पूर्ण भरती हा काळ सुमारे सहा तासांचा. किनाऱ्यावर एखादी संशयास्पद घटना घडली, तर पुरावा गोळा करण्याची मुदत पोलीस ठाण्याच्या घड्याळाने नव्हे, तर समुद्राने ठरवून दिलेली असते. दूरचित्रवाणीवरील 'सीआयडी' मालिकेतील डॉ. साळुंखे नळीतील रंग पाहून क्षणार्धात निष्कर्ष सांगतात. प्रत्यक्षात मात्र तालुक्यातील मुद्देमाल सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो, तेथे रांगेत थांबतो आणि पोलीस व वकील ज्याला 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतात तो रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यथावकाश हाती येतो. मूळ नमुनाच चुकीचा घेतलेला असेल, तर त्या अहवालाला न्यायालयात फारसा अर्थ उरत नाही.

या विषयाचे शिक्षण आजवर मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिले. आता मात्र ते विज्ञानाच्या सर्वसाधारण वर्गापर्यंत नेण्याची गरज निर्माण झाली आहे आणि त्यामागे कायद्यातील बदल हे ठोस कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण होणे अपेक्षित आहे. राज्यांना ही तरतूद अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंत अवधी देण्यात आला आहे. राज्यात अशी सुविधा नसेल, तर ती उभी राहीपर्यंत दुसऱ्या राज्याची सुविधा वापरण्याची सोयही याच कलमात आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ ने स्वतंत्रपणे सांगितले आहे. इतके तज्ज्ञ आणि त्यांच्या हाताखालचे कुशल कर्मचारी कोठून येणार, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. तो वर्गातच सुटू शकतो.

येथे एक शब्दाचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. वृत्तपत्रांतून सर्रास 'न्यायवैद्यक' असे लिहिले जाते. पण न्यायवैद्यक म्हणजे शवविच्छेदन, जखमा, विषबाधा आदी वैद्यकाचा भाग. रक्तापासून संगणकापर्यंत आणि मातीपासून हस्ताक्षरापर्यंतच्या सर्व परीक्षणांना राज्य शासन 'न्यायसहायक विज्ञान' म्हणते. या संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, नाशिक, कोल्हापूर आदी ठिकाणी त्याच्या प्रयोगशाळा आहेत. शब्दातला हा फरक विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचा आहे, कारण या क्षेत्रात येण्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते हा गैरसमज ग्रामीण भागात आजही आढळतो. रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणक या विषयांचे पदवीधर येथे मोठ्या प्रमाणावर लागतात.

सूक्ष्मदर्शकाखालची होडी

वेंगुर्ल्यासारख्या किनारी गावात या विषयाचा पहिला धडा कोणता असावा? रक्त, शस्त्रे वा मृतदेह यांपैकी काहीही वर्गात आणता येत नाही आणि आणूही नये. पण खाडीचे बाटलीभर पाणी आणता येते. त्या पाण्यात डायटम नावाची एकपेशीय शैवले असतात. त्यांच्या पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीच्या द्रव्याचे, नक्षीदार कवच असते. काही चक्राकार, तर काही लांबट. लांबट प्रकारातील एका प्रजातीचे नाव 'नॅव्हिक्युला' असे असून त्याचा लॅटिन अर्थच 'छोटी होडी' असा आहे. बंदरावर वाढलेल्या मुलाला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पाण्यातून मृतदेह मिळाला की तपासात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की व्यक्ती जिवंतपणी पाण्यात पडली की मृत्यूनंतर टाकली गेली? जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासावाटे फुप्फुसात ओढतो. त्या पाण्यातील सूक्ष्म डायटम फुप्फुसाच्या नाजूक पडद्यातून रक्तात शिरतात आणि हृदय चालू असल्यामुळे दूरच्या अवयवांपर्यंत, अगदी मांडीच्या हाडातील मज्जेपर्यंत पोहोचतात. रक्ताभिसरण थांबल्यानंतर शरीर पाण्यात पडले असेल, तर पाणी फुप्फुसात झिरपले तरी मज्जेपर्यंतचा हा प्रवास सहसा घडत नाही. प्रयोगशाळेत मज्जा तीव्र आम्लात विरघळवतात. मांस, चरबी सारे नाहीसे होते, पण सिलिकाचे कवच आम्लाला दाद देत नाही. ते काचपट्टीवर घेऊन घटनास्थळाच्या पाण्यातील डायटमशी ताडून पाहिले जाते.

या परीक्षणाचा वर्गात करता येण्याजोगा भाग म्हणजे पाण्याची ओळख. वेंगुर्ले बंदर, मोचेमाडची खाडी, शिरोड्याचे मिठागर आणि गावातील एखादी गोड्या पाण्याची विहीर असे चार नमुने घेतले, तर चारही ठिकाणची वस्ती वेगवेगळी दिसू शकते. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, मिठागरात ते कित्येक पटींनी वाढतात आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ गोडे होते. प्रत्येक क्षारतेला मानवणाऱ्या प्रजाती निराळ्या. खाडीतील दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर जुन्या दातघाशीने खरवडला, तरी काचपट्टी भरून डायटम मिळतात. त्यासाठी आम्लाची गरज नाही.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे होतो. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात चार सूक्ष्मदर्शक असले, की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. विद्यार्थी डोळा लावतो, 'दिसले' म्हणतो आणि बाजूला होतो. त्याने डायटम पाहिला की हवेचा बुडबुडा, हे शिक्षकाला कळण्याचा मार्ग नसतो. विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला हा अनुभव नवा नाही. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर छोटा कॅमेरा बसवून चित्र प्रोजेक्टरने पडद्यावर घेतले, की सगळा वर्ग एकच दृश्य पाहतो. बुडबुड्याची कडा जाड आणि काळी असते, डायटमच्या कवचावर रेषांची नक्षी असते, हा फरक बोट ठेवून दाखवता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने विकसित केलेली 'इमेजजे' ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्या साह्याने पडद्यावरील डायटमची लांबी मायक्रॉनमध्ये मोजता येते. मात्र आधी मोजपट्टीची काचपट्टी ठेवून प्रमाण ठरवून घ्यावे लागते. ते विसरले, तर सगळी मापे निरर्थक ठरतात.

ज्या शाळेत हेही नाही, तेथे कागदी सूक्ष्मदर्शकाचा पर्याय आहे. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात 'फोल्डस्कोप' तयार केला. घडी घालून बनवायच्या या उपकरणाची शक्ती सुमारे १४० पट असून ते मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवता येते. मोठे डायटम त्यातून दिसतात. प्रजाती ओळखण्यासाठी मात्र ४०० ते १००० पट शक्ती लागते, हे शिक्षकाने लपवू नये.

कोऱ्या काचपट्टीचे महत्त्व

डायटम चाचणी निर्णायक नाही, यावर जगभरातील तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद आहेत. बुडून मृत्यू होऊनही डायटम सापडत नाहीत, अशी उदाहरणे आहेत. उलट शिंपल्यांसारख्या खाण्यातून, नळाच्या पाण्यातून किंवा नीट न धुतलेल्या भांड्यातूनही ते नमुन्यात शिरू शकतात. म्हणूनच प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच भांड्यांतून केवळ शुद्ध पाण्याची एक चाचणी घेतली जाते. या 'कोऱ्या' काचपट्टीवर डायटम आढळले, तर सगळीच चाचणी रद्द करावी लागते.

न्यायसहायक विज्ञानाच्या शिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग हाच असल्याचे म्हणता येईल. वर्गातील एका गटाला मुद्दाम न धुतलेली बाटली द्यावी आणि त्यांच्या कोऱ्या काचपट्टीत खाडीचे डायटम पडद्यावर दिसू द्यावेत. दिवसभराचे काम रद्द करण्याची पाळी आली, की मुद्देमालाची साखळी म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. नमुना कोणी, कोठून, किती वाजता घेतला, कोणाच्या ताब्यात दिला, सील कोणी लावले आणि कोणी उघडले, याची प्रत्येक टप्प्यावरची नोंद म्हणजे ही साखळी. तिच्यातील एक कडी तुटली, तरी बचाव पक्षाचा वकील तेथेच बोट ठेवतो आणि त्यात वावगे काही नाही.

शेजारच्या गोव्यात हे किती महागात पडू शकते ते साऱ्यांनी पाहिले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरीचा मृतदेह आढळला. सुरुवातीला तो बुडून झालेला मृत्यू मानला गेला. आईने पाठपुरावा केल्यानंतर दुसरे शवविच्छेदन झाले आणि शरीरावरील अनेक जखमा समोर आल्या. पुढे २०१६ मध्ये दोन्ही आरोपी निर्दोष सुटले आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा सुनावली. घटना ते शिक्षा, अकरा वर्षे. 'बुडून मृत्यू' हे दोन शब्द पहिल्या दिवशी लिहिले गेले, की ते खोडायला किती काळ लागतो, याचा हा दाखला आहे.

याउलट समुद्रावरचाच दुसरा दाखला २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा. हल्लेखोरांनी वापरलेल्या 'कुबेर' या मासेमारी ट्रॉलरवर सापडलेल्या वस्तूंवर घामाचे डाग होते. त्यांतून मिळालेला डीएनए हल्लेखोरांच्या डीएनएशी जुळला आणि हा पुरावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. खाऱ्या हवेतील ट्रॉलरवरच्या कपड्यांचे महत्त्व कोणीतरी ओळखले आणि ते नीट वेष्टनात ठेवले, म्हणून हे शक्य झाले.

आगळाचे थेंब आणि भ्रमणध्वनी

डायटमइतकाच सोपा दुसरा प्रयोग थेंबाचा आहे. तिरक्या दिशेने पृष्ठभागावर आदळलेला थेंब लांबट डाग पाडतो. डागाच्या रुंदीला लांबीने भागले, की आघाताच्या कोनाचे साइन मूल्य मिळते. रुंदी ६ मिलिमीटर आणि लांबी १२ मिलिमीटर असेल, तर भागाकार ०.५, म्हणजे कोन ३० अंश. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे यात काही नाही. रक्ताऐवजी कोकमाचा आगळ वापरावा. मोबाइलवर छायाचित्र घेऊन पडद्यावर मोजमाप करावे आणि प्रत्यक्ष ठेवलेल्या उताराशी ते ताडून पाहावे. आगळ रक्ताहून पातळ असल्याने डागाचा आकार रक्ताइतका असणार नाही, हे सांगणे आवश्यक आहे. गुळगुळीत फरशीवर जमणारे हे गणित जांभ्याच्या चिऱ्यावर वा शेणाने सारवलेल्या जमिनीवर साफ कोलमडते. कोकणातील निम्मी घरे याच दोन पृष्ठभागांची होती, हे पाठ्यपुस्तकात कोठून येणार?

पुळणीवरील पावलाचे छायाचित्र घेताना मोजपट्टी वाळूच्या पृष्ठभागावर नव्हे, तर ठशाच्या तळाच्या पातळीवर ठेवावी लागते आणि कॅमेरा बरोबर काटकोनात धरावा लागतो. अन्यथा पाऊल प्रत्यक्षाहून लहान-मोठे भासते. बॅटरीचा प्रकाश बाजूने, अगदी खालून टाकला, की ठशाच्या कडा उठून दिसतात. संध्याकाळी तासभरात शिकून होणारी ही गोष्ट आहे.

त्या छायाचित्राचे पुढे काय होते, हा मात्र अलीकडचा आणि अधिक गंभीर विषय आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेली एक खूण. 'एसएचए-२५६' पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. संगणक कक्षात ही गोष्ट पाच मिनिटांत दाखवता येते. पावलाच्या छायाचित्राचे हॅश मूल्य काढावे. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने मित्राला पाठवावे आणि त्याला मिळालेल्या फाइलचे मूल्य काढावे. डोळ्यांना दोन्ही चित्रे सारखीच दिसतात, पण पाठवताना फाइल आक्रसली गेल्यामुळे दोन्ही मूल्ये पूर्णपणे भिन्न येतात. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले, तर मूल्य बदलत नाही. घटनास्थळाची छायाचित्रे गटागटांवर फिरविण्याच्या आजच्या सवयीत मूळ फाइल जपून ठेवणे किती आवश्यक आहे, ते यातून विद्यार्थ्यांना पटते.

बोटांच्या ठशांचा प्रयोग सर्वांनाच आवडतो. १८९७ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेला ठसे विभाग जगातील पहिल्यांपैकी एक होता आणि वर्गीकरणाची जी पद्धत हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यामागे अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे काम होते. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी आणि पारदर्शक चिकटपट्टी यांवर वर्गातील काम भागते. मात्र विद्यार्थ्यांचे ठसे संगणकात साठवून ठेवू नयेत. आज बोटाचा ठसा ही आधार क्रमांकाची किल्ली आहे. तासाच्या अखेरीस कागद फाडून टाकणे आणि छायाचित्रे पुसणे हा प्रयोगाचाच भाग मानला पाहिजे.

ठशांच्या बाबतीतही खात्री किती धरावी, हा प्रश्न आहेच. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाल्यानंतर अमेरिकेच्या एफबीआयने एका पिशवीवरील ठसा ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा असल्याचे सांगितले. तो सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिला. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा अन्य व्यक्तीचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा एफबीआयला माफी मागावी लागली. संगणकाने जवळपासचे ठसे सुचवले होते, चूक केली ती माणसांनी. पहिल्या तज्ज्ञाचे मत ठाऊक असलेल्या पुढच्या तज्ज्ञांनाही तेच दिसले. वर्गात यावर उपाय करून पाहता येतो. नमुना कोणत्या ठिकाणचा हे न सांगता एकच काचपट्टी दोन विद्यार्थ्यांना द्यावी, दोघांनी स्वतंत्रपणे मोजणी करून मोबाइलवरून शिक्षकाला कळवावी आणि मगच आकडे पडद्यावर शेजारी शेजारी मांडावेत. ते सहसा तंतोतंत जुळत नाहीत.

'लालसर डाग' की 'रक्ताचा डाग'

आभासी घटनास्थळ दाखविणारे चष्मे आणि सर्व दिशांनी फिरणारी छायाचित्रे यांची सध्या मोठी चर्चा आहे. मुलांना खोलीत शिरल्याचा भास होतो, कोठे पाऊल ठेवावे याचा विचार करावा लागतो, हा त्यांचा लाभ निश्चित आहे. पण आभासी खोलीतील पुरावा कधी भिजत नाही, वाऱ्याने उडत नाही आणि बाटलीचे झाकण घट्ट बसले नाही म्हणून सांडत नाही. शिवाय कोकणच्या पावसात वीज जाते आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. महागडी साधने घेण्याआधी भिंगे ठेवण्यासाठी बल्ब लावलेले कोरडे कपाट घेतलेले बरे.

अभ्याससाहित्याची अडचण त्याहून मोठी आहे. 'ई-पीजी पाठशाला' या केंद्र सरकारच्या उपक्रमात न्यायसहायक विज्ञानाचे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत, मात्र ते इंग्रजीत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी पंचनामा मराठीत लिहिला जातो. साहजिकच मराठीत नेमके लिहिता येणे हे येथे प्रयोगशाळेतील कौशल्याइतकेच मोलाचे ठरते. भिंतीवर डाग दिसला, तर पंचनाम्यात 'रक्ताचा डाग' लिहायचे की 'लालसर, वाळलेला डाग'? पहिला निष्कर्ष आहे, दुसरे निरीक्षण. तो डाग उद्या पानाच्या पिचकारीचा किंवा आगळाचा निघाला, तर पहिले वाक्य लिहिणाऱ्याची सगळीच साक्ष संशयास्पद ठरू शकते. पडद्यावर एक छायाचित्र दाखवून दहा ओळींचे वर्णन लिहायला लावणे आणि त्यातील प्रत्येक निष्कर्षाखाली लाल रेघ ओढणे, या एका तासासाठी फळा आणि खडूही पुरेसे आहेत.

पुढील शिक्षणासाठी राज्य शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. त्यामानाने वेंगुर्ल्याला जवळ पडते ते गोव्यातील फोंडा. गुजरातमध्ये सुरू झालेल्या आणि २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळालेल्या न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर तेथे आहे. प्रवेशासाठी विज्ञान शाखेची पार्श्वभूमी लागते. अर्थात वर्गातील पन्नासांपैकी या वाटेने जाणारे एक-दोनच असतील. उरलेल्यांतून पोलीस, परिचारिका, वकील, पोलीस पाटील होतील आणि कोणावर तरी कधीतरी पंच म्हणून सही करण्याची वेळ येईल.

डायटमचा संग्रह करायचा झाल्यास तो वर्षभर चालवावा लागतो, कारण खाडीतील प्रजाती ऋतूनुसार बदलतात आणि मे महिन्यातील पाण्याशी ऑगस्टमधील नमुना ताडता येत नाही. दर महिन्याला ठरलेल्या चार जागांचे पाणी, भरती-ओहोटीच्या वेळेसह बाटलीवर चिठ्ठी, एक कोरी काचपट्टी आणि पडद्यावरून घेतलेली छायाचित्रे, एवढेच काम आहे. मोचेमाडच्या खाडीतील पहिली बाटली मात्र मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी भरलेली हवी.